उशाची भिंत

बुधवार, २७ जुलै १९८३

पोचले एकदाची बेनिसारला! शेवटच्या चढावर बस दोनदा बंद पडली, दोन्ही वेळा ड्रायव्हरने खाली उतरून निवांत सिगारेट ओढली, आणि मागच्या बाईच्या टोपलीतली कोंबडी सगळा वेळ माझ्या मानेशी गप्पा मारत होती. पण गाव दिसलं आणि शीण गेला. डोंगराला बिलगून बसलेली पांढरीशुभ्र घरं, तेलाच्या डब्यांत फुललेली जिरेनियम, आणि हवा अशी की ग्रानादा शहराच्या भट्टीतून आलेल्या माणसाला रडूच यावं.

घर बाबांचं. ते इथेच जन्मले. ते नऊ वर्षांचे असताना त्यांची आई, म्हणजे माझी आजी अंगुस्तियास, याच घरात गेली आणि त्यांचा मामा त्यांना ग्रानादाला घेऊन गेला. साठ वर्षांवर झाली, तेव्हापासून घराला कुलूप. आता बाबा चाकाच्या खुर्चीत, वृद्धाश्रमात, आणि एकच धोशा लावून बसलेत की मरायचं तर जन्मलो त्या खोलीत. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, नेणार असाल तर याच उन्हाळ्यात न्या. मी त्यांची एकुलती एक, लग्नाच्या फंदात पडले नाही, त्यामुळे विचारायला कोणी नाही आणि अडवायलाही कोणी नाही. कपड्यांच्या कारखान्यात कापड बेतते मी. ऑगस्टची सगळी रजा घेऊन टाकली. खोली साफ करायची, दार खुर्ची जाईल इतकं रुंद करायचं, की झालं.

किल्ली शेजारच्या विसिता मावशींकडे होती. ऐंशीच्या पुढे वय, अंगावर काळे कपडे, तोंड मात्र चुरूचुरू चालतंय. किल्लीबरोबर अंजिरांची ताटली हातात ठेवली आणि म्हणाल्या, अगं तू सातुर्निनोची लेक ना, मग अशी वाळून कोळ का झालीस, ग्रानादात जेवायला घालत नाहीत की काय? मला आवडल्या बाई.

गुरुवार, २८ जुलै

बाबांची खोली मागच्या अंगाला आहे. बाहेर ऊन मी म्हणतंय आणि आत माठात शिरल्यासारखं गार. एकच खोड आहे. पलंगाच्या उशाची भिंत पुढे फुगून आली आहे. चुन्याचे थरावर थर. खोलीची चांगली हातभर जागा खाल्लीये त्या भिंतीने. शिवाय बाबांच्या छातीला चुन्याची धूळ चालत नाही. तेव्हा मी ठरवलं, सगळा चुना खरवडून आतला दगड उघडा करायचा. हल्ली मासिकांत दाखवतात तशी दगडी भिंत छान दिसेल.

खरवडणीचा पहिला आवाज झाला नाही तोच विसिता मावशी दारात. म्हणे, पोरी, बाकी सगळं घर पाड, पण उशाच्या भिंतीला हात लावू नकोस. का, ते सांगेनात. सांगेन कधीतरी, म्हणाल्या. घ्या! कधीतरी म्हणे. मी सांगितलं, मावशी, घर माझं, भिंत माझी, आणि हात दुखले तर तेही माझेच दुखतील.

थर कांद्याच्या पापुद्र्यासारखे निघाले. एक गोष्ट कळली नाही. घर बंद इतकी वर्षं, पण वरचे थर मऊ, ओलसर, आणि ताज्या चुन्याचा तो झणझणीत वास. गाववाले मारियामातेच्या सणाआधी प्रत्येक घराचं तोंड रंगवतात, मालक असो वा नसो, हे मावशींनी सांगितलं होतं. पण आत येऊन कोण कशाला रंगवेल? संध्याकाळपर्यंत पलंगाएवढा दगड मोकळा केला.

शनिवार, ३० जुलै

या गावात ‘उद्या’ म्हणजे काय ते कोणी मला समजावून सांगेल का? खिनेस मिस्त्री परवा येणार होता. परवा त्याची बकरी व्यायली. काल त्याला कोणाच्या तरी साखरपुड्याला जायचं होतं. आज मी सरळ दारूच्या गुत्त्यावर जाऊन त्याला ग्लासासकट उचलून आणला. सगळा गुत्ता हसत होता. एकाने ओरडून विचारलं, खिनेस, लग्नाची तारीख तरी सांगून जा. हसा लेको.

पण माणूस हाताचा चांगला. दार तोडून नवी अक्रोडाची चौकट बसवली. मी गळ्यातली टेप काढून स्वतः मापलं. खुर्ची जाऊन दोन्ही बाजूंना चार चार बोटं जागा उरते. भिंतीचंही काम सांगितलं, तर साहेबांनी टोपी डोक्यावर घातली आणि बकरीची आठवण झाली म्हणून चालू लागले.

सोमवार, १ ऑगस्ट

डोकं फिरलंय माझं. दुपारी मी पुढच्या खोलीत जरा लवंडले. उठून बघते तर भिंत पांढरी! मी उघडा केलेला सगळा दगड गायब, त्यावर ओला चुना, थेंब अजून खाली ओघळतायत. ये रे माझ्या मागल्या.

तशीच विसिता मावशींच्या दारावर जाऊन थाप मारली आणि वाट्टेल ते बोलले. लोकांच्या घरात चोरासारखं शिरायला लाज वाटत नाही का, इथपर्यंत बोलले. म्हातारीने दोन्ही हात पुढे केले. कोरडे ठणठणीत. मग मला बसवलं, सुरईतलं पाणी दिलं आणि सांगितलं ते लिहून ठेवते, म्हणजे उद्या मलाच खरं वाटेल.

बेनिसारमध्ये कोणी गेलं की प्रेत उचलायच्या आधी त्याच्या सर्वांत जवळच्या माणसाने उशाच्या भिंतीला चुना लावायचा. कुंच्याने नाही, उघड्या तळहाताने. चुना भाजतो, म्हणूनच. मेलेल्याला ते कळतं आणि तो सुटतो. आजी गेली तेव्हा मामा खेचर घेऊन आला होता. त्याने हे गावठी खूळ म्हणून उडवून लावलं आणि बाबांना उचलून खेचरावर टाकून घेऊन गेला. मग मावशींच्या आईने दया येऊन आपला हात लावला. पण परक्याचा हात चालत नाही. तेव्हापासून ती भिंत आतून चुना सोडते, म्हणाल्या मावशी. वाट बघतेय ती पोराची. येऊ दे सातुर्निनोला, लावू दे हात, आणि लगेच बाहेर काढ त्याला. तिथे निजवू नकोस.

मी म्हटलं, मावशी, ओल येते त्या भिंतीला. मावशी म्हणाल्या, हो गं बाई, तू शहाणी, आम्ही गाढवं.

गुरुवार, ४ ऑगस्ट

पुन्हा खरवडलं. या वेळी मीही माझ्या धंद्यातली अक्कल चालवली. दाराला आडवा काळा दोरा बांधला, खिडकीलाही बांधला, कुलूप घातलं आणि दुपारी मावशींच्या ओसरीवर जाऊन पडले. परत आले. कुलूप तसंच. दोरे तसेच, गाठसुद्धा माझीच. भिंत पांढरी.

इतकी चिडले की भर दुपारी गल्लीत उभी राहून ओरडले, कोण आहे तो हलकट, समोर या! एक खिडकी किलकिली झाली आणि आतून कोणीतरी जांभई देत म्हणालं, बाई, या वेळेला सैतानसुद्धा झोपतो, तुम्हीही झोपा.

आत जाऊन भिंत नीट पाहिली. मधोमध एका बाईच्या तळहाताचा ठसा आहे. लहानसा. पण ठसा आत दबलेला असतो ना? हा वर आलेला आहे. पलीकडून कोणी दाबावा तसा.

ओलीने चुना फुगतो. कुठलाही आकार येऊ शकतो.

शुक्रवार, ५ ऑगस्ट

गावात फोन एकच, गुत्त्यावर. बाबांचं येणं पुढे ढकलावं म्हणून वृद्धाश्रमात लावला. चार वेळा कट झाला. पाचव्यांदा तिथली बाई म्हणाली, गाडी ठरली आहे, ठरलेल्या दिवशीच येणार, आणि तुमचे वडील तर रविवारपासून बॅग भरून तिच्यावर हात ठेवून बसलेत, सांगा तुम्हीच त्यांना. मग बाबाच फोनवर आले. मी काही बोलायच्या आत म्हणाले, ओब्दू, माझी खोली गार आहे ना गं अजून? काय सांगणार मी? आहे म्हटलं.

मंगळवार, ९ ऑगस्ट

बाबा आले. खुर्ची नव्या दारातून लोण्यातून सुरी जावी तशी आत गेली. चार चार बोटं दोन्हीकडे. खिनेस मिस्त्रीने स्वतः ढकलली आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू आल्हाम्ब्राचा राजवाडा यानेच बांधला.

बाबा रडले. छताच्या तुळया मोजल्या, खिडकीतून दिसणारं चेस्टनटचं झाड ओळखलं, आणि मावशींनी पाठवलेला पावाचा चुरा लसूण घालून इतका खाल्ला की मलाच भीती वाटली. त्यांची ती वाकडी करंगळी, लहानपणी याच अंगणात मोडलेली, ती उंचावून मला जागा दाखवत होते. कित्येक वर्षांत असे बोलले नव्हते माझ्याशी.

पलंग मी समोरच्या भिंतीला लावला आहे. उशाच्या भिंतीपासून लांब. ओल आहे म्हणून. त्यांना बाकी काही सांगितलं नाही.

गुरुवार, ११ ऑगस्ट

दुपारी झोपून उठले आणि आत गेले, तर पलंग उशाच्या भिंतीला लागलेला. ज्या माणसाला स्वतःची चादर ओढता येत नाही, त्याने हा ओकचा पलंग ओढला?

बाबांचा उजवा तळहात भाजलाय. कातडं सोललंय, फोड आलेत. आणि माणूस हसतोय! म्हणाले, आईला हात दिला गं. किती वाट बघायला लावली मी बिचारीला. तेलाची पट्टी बांधताना मी रडत होते आणि ते मलाच समजावत होते.

विसिता मावशींना सांगितलं, तर त्यांनी देवाचे आभार मानले. भिंतही बघितली. आज पहिल्यांदाच सुकी आहे, खडखडीत. सुटली बिचारी, म्हणाल्या. आणि लगेच माझा दंड धरून म्हणाल्या, आता त्याला बाहेर काढ पोरी, आजच्या आज, माझ्या घरी आण. आई आहे ती, साठ वर्षांनी पोर मिळालंय, तिची सोडायची नियत नसली तर?

बाबा ऐकतील तर शपथ. म्हणाले, ही खोली सोडणार नाही, तू जा हवं तर. मी भांडले. हट्टी आहात, माझ्या आईलाही आयुष्यभर असंच छळलंत, म्हटलं. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. पालथ्या घड्यावर पाणी.

शनिवार, १३ ऑगस्ट

आज ठरवून टाकलं. भांडोत, रडोत, त्यांना घेऊन ग्रानादाला परत. खुर्चीत बसवलं, ढकलली. खुर्ची दारात अडकली.

पुन्हा ढकलली. चाकं दोन्हीकडे घासतायत. टेप लावली. चार बोटं सोडा, नख जाईल इतकी जागा नाही. अक्रोडाची चौकट दिसतच नाही, तिच्यावर चुना चढलाय. दगडासारखा.

खिनेसला बोलावून फाडून खाल्ला, की काम असं करतात का, अंगठ्याएवढं गिलाव्यात खाल्लंस का? त्याने बोट लावून पाहिलं. त्याचा चेहराच उतरला. म्हणाला, सेन्योरा, हे काम माझं नाही. छिन्नी आणतो म्हणून गेला तो गेलाच.

टॅक्सीवाला म्हणतो सणानंतर. बस सणानंतर. चार पुरुष द्या, उचलून बाहेर काढतील, म्हणून गुत्त्यावर हात जोडले. सगळे मारियामातेच्या पालखीच्या तालमीत! म्हणाले, काळजी कशाला करता, उद्या येतो. उद्या! या गावाच्या उद्याला आग लागो.

बाबा खुर्चीत बसून शांतपणे म्हणाले, ओब्दू, दमलीस तू, मला परत पलंगावर ठेव, तिकडे गार आहे.

रविवार, १४ ऑगस्ट

कोणी आलं नाही. छिन्नी मावशींकडून आणली. मी इकडे चौकट फोडते, तोवर तिकडची बाजू भरून येते. डोळ्यांदेखत. घाम यावा तसा चुना येतो.

खिडकी लहान झाली आहे. काल चेस्टनटचं झाड दिसत होतं. आज एक फांदी.

मावशी दाराच्या फटीतून ब्रेड आणि टोमॅटो देतात. त्या आत येऊ शकत नाहीत, एवढीच फट उरली आहे. मी अजून निघू शकते. अंग चोरून, कशीबशी. बाबांना घेऊन नाही. मावशी तेच म्हणतात, तू तरी बाहेर ये पोरी, सत्तर वर्षांचा आहे तो, आपलं आयुष्य जगून झालंय त्याचं.

माझे बाबा आहेत ते. मी कुठे जाऊ?

रागही येतो त्यांचा. इतका राग येतो — आणि मग ते हात पुढे करतात, ती वाकडी करंगळी —

सोमवार, १५ ऑगस्ट

सण. बाहेर बँड, फटाके. सगळं गाव पालखीमागे. मी ओरडले तर कोणाला ऐकू जाणार.

दुपारी डोळा लागला माझा. खुर्चीत बसल्या बसल्या. एवढासाच —

पलंग रिकामा. चादरीत बाबांच्या अंगाचा खळगा, त्यात चुना. ओला.

भिंतीवर कपाळ आहे. नाक. हाताची पाच बोटं वर आलेली. करंगळी वाकडी.

नंतर

दार नाही. दाराच्या जागी भिंत. छिन्नी आदळते, खूणही उमटत नाही. खिडकीतून मनगट जाईल इतका उजेड. तेवढ्यात लिहिते.

बाबा बोलतात. आतून. ओब्दू, हात दे. तू हात दिलास की मी सुटलो. गार आहे गं फार, आता थंडी वाजते.

थंडी वाजते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं असं.

माझ्याशिवाय कोण आहे त्यांना. मी नाही दिला तर साठ वर्षं, शंभर वर्षं, तिथेच —

दिला.

भाजतं. अजून भाजतं. डाव्या हाताने लिहिते आहे, अक्षर —

बाबा गप्प झाले. गेले. सुटले. नाक, कपाळ सगळं विरघळून गेलं. बरं झालं. झालं ना बरं?

हात सुटत नाही. उजवा हात. ओढते, तर अजून —

कोपरापर्यंत.

मावशी आल्या. पालखी सोडून. पलीकडून भिंतीवर धडाधडा मारतायत. रडतायत. म्हणतायत, घाबरू नकोस पोरी, तुला कोणी नाही तर मी आहे, मी लावते तुझ्यासाठी हात, आत्ता लावते बघ —

खांदा —

नको मावशी. तुम्हीच सांगितलंत ना, परक्याचा हात